दोन रात्रींची वसुली

खोल्यांना माशांची नावं होती.
'सुरमई' भरलेली, 'पापलेट'मध्ये कुणी दिल्लीचे;
आम्हाला 'तारली' मिळाली.
मॅनेजर म्हणाला, सॉरी सर, पण व्ह्यू तोच आहे.
व्ह्यू म्हणजे वेंगुर्ल्याचं बंदर, दीपगृह,
आणि पडदा पार टोकापर्यंत ओढला तर
उजव्या कोपऱ्यात
माझ्या बर्फाच्या कारखान्याचा पत्रा.

दोन हंगामांचं बिल थकलं होतं,
एक्केचाळीस हजार सहाशे.
त्यांच्या अकाउंटंटने कागदावर मांडून दाखवलं :
दोन माणसं, दोन रात्री, आठ पदार्थांचं जेवण,
बेरीज जवळपास तेवढीच.
मी काय मांडून दाखवणार होतो?
मासळीवाल्याकडे निदान काटे उरतात.
मी विकतो त्याचा मागमूस
उन्हं कलायच्या आत संपलेला असतो;
भांडायचं तर पाण्यावरून भांडायचं.
सुनयना म्हणाली, "पैसे येतले तेव्हा येतले.
माका एकदा त्या गादयेर निजाक व्हया."

रात्री आठला खाली गेलो.
तिने पुतण्याच्या लग्नातली साडी नेसली होती,
मी इस्त्रीचा शर्ट, तरी त्याला अमोनियाचा वास,
तो माझ्या कुठल्याच शर्टातून जात नाही.
पहिलं ताट आलं : काळ्या दगडावर चुऱ्याचा डोंगर,
डोंगरावर एकच कालव,
कालवावर कोकमाचा फेस.
वाढणारा पोरगा आबा गिरपाचा निघाला.
इंग्रजीत सुरू झाला, मला ओळखलं, अडखळला,
मग मराठीत सांगितलं, मोचेमाडच्या खाडीतलं आहे.

मी कालवाखाली बघत होतो.
लादीच्या पोटात पांढरं असतं,
हवा कोंडलेली, पातळ ताकासारखी;
ठोकून भुगा केला तरी ओळखू येतं,
जसं आपलं पोर पाठमोरं ओळखू येतं.
हा चुरा काचेसारखा होता.
ग्लासातले तुकडेसुद्धा आरपार,
प्रत्येकाच्या मधोमध एक भोक.

"मशीन?"
"गणपतीनंतर घेतलं, काका,"
आणि पुढची ताटली आणायला
तो स्वतः आला नाही, दुसऱ्याला पाठवलं.

खोटं कशाला बोलू, जेवण चांगलं होतं.
तिरफळाच्या तेलात दोन बोटं बांगडा,
ओल्या काजूगरांवर पेजेची साय,
सोलकढी थिजवून चमच्याएवढी.
सुनयना दरवेळी विचारी, "ह्येका काय म्हणतत?"
आणि सांगून झाल्यावर, "मीठ कमी आसा."
पाचव्या ताटाला मात्र तिने डोळे मिटले,
काही बोलली नाही, बशी बोटाने पुसली.

शेवटी शेफ आला. तरुण, दंडावर भाजल्याचे डाग.
स्पेनमध्ये शिकलेला; तिथल्या एका बंदरात, म्हणाला,
असंच हॉटेल आहे,
लोक जेवायला येतात आणि जेवण जड झालं म्हणून राहतात.
कसं वाटलं?
मी म्हणालो, गार ते गार होतं.
त्याला ते आवडलं. त्याने हात मिळवला.
त्याचा हात ऊन होता, माझा नव्हता,
चाळीस वर्षांत कधी नव्हता.

रात्री ती गादीवर आडवी पसरून झोपली.
मी बादलीतला एक तुकडा मुठीत धरून
घड्याळ बघत बसलो.
सात मिनिटांत मूठ रिकामी,
बनियनवर ओघळ.
अंधारातून तिने विचारलं,
"आपलो नाय मा तो?"
"नाय."
"गार आसा ना पण?"
"आसा."
"मगे नीज."

दुसऱ्या सकाळी काउंटरवर सही केली.
देय रक्कम : शून्य.
ती साबणाच्या दोन वड्या पदरात घेऊन
रिक्षात आधीच बसली होती.
पहाटेच माझी गाडी फाटकावरून गेली होती,
लाद्या घेऊन, गोणपाटाखाली, जेटीकडे.
गाडी कुठून कुठे गेली ते आमच्याकडे
रस्ताच सांगतो, ऊन चढेपर्यंत :
डांबरावर एक ओली रेघ,
वळणावर जरा जाड,
हॉटेलच्या फाटकापाशी
न थांबता सरळ पुढे.